पंधरा किलोंचा हिशेब

नांदेडहून हिंगोलीकडे निघालेली गाडी वारंगा फाट्यावर थांबते ती बहुतेक वेळा खिचडीसाठी. कळमनुरी तालुक्यातला हा फाटा म्हणजे दोन राष्ट्रीय महामार्गांची गाठ. अकोला, हिंगोली, नांदेड करत तेलंगणात उतरणारा १६१ आणि तुळजापूरहून यवतमाळमार्गे नागपूरकडे जाणारा ३६१ इथे एकमेकांना भेटतात. ट्रकांची वर्दळ दिवसरात्र. आणि जिथे ट्रक थांबतो तिथे टायरवाला, वेल्डिंगवाला, कमानपाटेवाला आलाच. या रस्त्यावरच्या ड्रायव्हरला काटा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. गाडी किती भरलीय हे डोळ्यांना काहीही दिसो, काटा सांगेल ते खरं.

काट्याशी असंच नातं असलेलं एक यंत्र महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये तयार होत असतं. मुलं त्याला नुसतं ‘बॉट’ म्हणतात. हा लढणारा रोबो. चारी बाजूंनी पॉलिकार्बोनेटच्या जाड पारदर्शक भिंती असलेल्या पिंजऱ्यात असे दोन बॉट समोरासमोर सोडतात. चालवणारे बाहेर, हातात रिमोट. सामना साधारण तीन मिनिटांचा. जो बॉट हलायचा थांबला तो हरला. दोन्ही हलत राहिले तर आक्रमकता, केलेलं नुकसान आणि ताबा बघून पंच निकाल देतात. पवईच्या आयआयटीत १९९८ साली सुरू झालेल्या टेकफेस्टमध्ये या झुंजी बघायला जी गर्दी लोटते, ती कुस्तीच्या फडाची आठवण करून देणारी असते. तुलना आणखी एका अर्थानं खरी आहे. कुस्तीत जसे वजनगट, तसे इथेही. आपल्याकडे आठ, पंधरा, तीस, साठ किलो असे गट चालतात. अमेरिकेत पौंडांचा हिशेब. तिथला तीस पौंडांचा ‘फेदरवेट’ म्हणजे आपल्या पंधरा किलोंच्या जवळपास, आणि टीव्हीवर दिसणारे अजस्र बॉट अडीचशे पौंडांचे, म्हणजे सुमारे ११३ किलोंचे.

हा खेळ तसा जुना नाही. मार्क थॉर्प हा हॉलिवूडच्या सिनेमांसाठी मॉडेल्स बनवणारा कारागीर घरातला व्हॅक्यूम क्लीनर रिमोटवर चालवायच्या खटपटीत होता. त्यातून त्याला ही कल्पना सुचली आणि ऑगस्ट १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘रोबॉट वॉर्स’ची पहिली स्पर्धा भरली. पुढच्याच वर्षी तिथे ‘ब्लेंडो’ आला. तो जेमी हाइनमनचा, जो पुढे ‘मिथबस्टर्स’मुळे जगभर ओळखला गेला. ब्लेंडोचं कवच म्हणजे उपडी घातलेली एक मोठी कढई. तिच्या कडेला पाती, आणि आतल्या इंजिनानं अख्खी कढईच गरगर फिरायची. समोरच्या बॉटचे तुकडे भिंतीवरून प्रेक्षकांकडे उडायला लागले, तेव्हा आयोजकांनी त्याला पुढे लढू न देता सहविजेतेपद देऊन टाकलं. आज पिंजऱ्याच्या भिंती उंच आणि जाड आहेत त्यामागे ही कढई आहे.

कुठल्याही गटातला बॉट घडवणं म्हणजे आधी वजन वाटून घेणं. ब्राझीलमधल्या रिओबॉट्झ या विद्यापीठीय संघाचं, प्राध्यापक मार्को मेजिओलारो यांनी लिहिलेलं मार्गदर्शक पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं आणि या छंदात शिरणाऱ्याला ते आधी वाचायला सांगतात. त्यातला साधा आडाखा असा: तीस टक्के वजन चालवण्याला, म्हणजे मोटर, गिअर आणि चाकांना. तीस टक्के शस्त्राला. पंचवीस टक्के सांगाड्याला आणि चिलखताला. उरलेले पंधरा टक्के बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्सला. पंधरा किलोंच्या बॉटला हे लावलं की साडेचार, साडेचार, पावणेचार आणि सव्वादोन किलो येतात. कागदावर हे भरपूर वाटतं. पण तीस बाय तीस सेंटिमीटरचा, तीन मिलिमीटर जाडीचा एक पोलादी पत्राच दोन किलो शंभर ग्रॅम भरतो. खाली एक आणि वर एक लावला की सांगाड्याचं सगळं वजन तिथेच संपलं, बाजूच्या भिंतींना काहीच उरलं नाही.

म्हणून मग धातूंची निवड. तोच पत्रा अॅल्युमिनियमचा घेतला तर पाऊण किलोच्या आत बसतो, पण मार लागला की चेपतो. टायटॅनियम पोलादाच्या साधारण साठ टक्के वजनाचं आणि चिवट, पण त्याची किंमत ऐकून विद्यार्थी गप्प बसतात. एचडीपीई किंवा त्याच्याहून दणकट यूएचएमडब्ल्यू हे प्लॅस्टिक पाण्यापेक्षाही हलकं. दहा मिलिमीटर जाडीचा तेवढाच तुकडा साडेआठशे ग्रॅमचा, आणि तो तुटण्याऐवजी दबून मार पचवतो. जिथे घासायचं, अडवायचं, तिथे हार्डॉक्ससारखं झिजेला पुरून उरणारं पोलाद. हे डंपरच्या हौद्यांना वापरतात.

आणि शस्त्राला? इथे फाट्यावरचा कमानपाटेवाला या गोष्टीत येतो. ट्रकची कमान ज्या पोलादाची असते ते वर्षानुवर्षं वाकून पुन्हा सरळ होण्यासाठीच घडवलेलं असतं. त्यात कार्बन जास्त, जोडीला सिलिकॉन किंवा क्रोमियम. कडक करून मग बेतानं पाणी उतरवलेलं. अशा जुन्या पाट्यातून कापलेलं पातं हे हाती पैसा नसलेल्या संघाचं पहिलं खरं शस्त्र असू शकतं. मात्र ते कापायचं कसं, हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि मिस्त्रीच्या हातात वर्षानुवर्षांचं. गॅस कटरनं कापलं की कडेचा गुण जळतो. ग्राइंडर जोरानं रेटला तर कड निळी पडते, आणि निळी पडली म्हणजे तेवढ्या भागातला कडकपणा उतरायचा धोका. थोडं कापायचं, थांबायचं, गार होऊ द्यायचं. त्यावर नेहमीच्या रॉडनं वेल्डिंग मारलं तर टाक्याशेजारचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो आणि पहिल्याच टोल्यात तडकतो. म्हणून शहाणे लोक पातं वेल्ड करत नाहीत, बोल्टनं आवळतात.

शस्त्राचं गणित मात्र कॉलेजात शिकलेलंच कामी येतं. दोन किलोंची, दहा सेंटिमीटर त्रिज्येची भरीव तबकडी मिनिटाला सहा हजार फेऱ्यांनी फिरवली की तिच्यात सुमारे दोन हजार ज्यूल ऊर्जा साठते. कडेचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटर. ही सगळी ऊर्जा एका फटक्यात देता आली, तर पंधरा किलोंचा बॉट चार मजली इमारतीएवढा वर जाईल. प्रत्यक्षात बरीचशी ऊर्जा आवाजात, ठिणग्यांत आणि वाकलेल्या धातूत जाते, पण आकडा किती मोठा आहे ते कळतं. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट. वजन तेवढंच ठेवून त्रिज्या दुप्पट केली तरी चौपट. म्हणूनच तबकडीचं वजन मध्ये ठेवत नाहीत, कडेला ढकलतात. मधलं कोरून काढतात. वाचलेलं वजन चिलखताला मिळतं.

दातांची गोष्ट याहून मजेदार. जास्त दात म्हणजे जास्त मार, असं कुणालाही वाटेल. घडतं उलटं. तबकडी सेकंदाला शंभर फेरे घेतेय आणि बॉट सेकंदाला तीन मीटर वेगानं पुढे घुसतोय असं धरा. एक दात असेल तर एका फेऱ्यात बॉट तीन सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो, म्हणजे दाताला तीन सेंटिमीटरचा घास मिळतो. दोन दात असतील तर दीडच. चार असले तर पाऊण, आणि शस्त्र समोरच्याला नुसतं खरवडत राहतं. त्यामुळे कसलेले बांधणारे एकच दात ठेवतात आणि पलीकडच्या बाजूला तेवढंच वजन देऊन तोल साधतात. हा तोल अर्धवट राहिला तर पूर्ण वेगाला पोचण्याआधीच बॉट थरथरत जागा सोडतो, बेअरिंग खातो. उभी तबकडी असेल तर आणखी एक त्रास. वळताना भोवऱ्यासारखा परिणाम होऊन एका बाजूचं चाक उचललं जातं. त्यावर इलाज म्हणजे बॉट रुंद करणं, आणि रुंद केला की वजन वाढलं. पुन्हा काटा.

चालवायच्या मोटरी ही नवशिक्याची पहिली ठेच. गॅरेजमध्ये सहज मिळते ती वायपरची मोटर, आणि आपल्याकडच्या असंख्य पहिल्या बॉटांमध्ये तीच बसवलेली असते. ताकद भरपूर. पण आत वर्म गिअर आणि मिनिटाला जेमतेम चाळीस ते साठ फेरे. दहा सेंटिमीटरचं चाक लावलं तर बॉट सेकंदाला एक वीतभर, फार तर फूटभर सरकतो, आणि समोरचा तेवढ्या वेळात तीन मीटर येऊन धडकलेला असतो. हीच मोटर समोरच्याला उचलणारा हात हलवायला मात्र उत्तम, कारण वर्म गिअर उलटा फिरत नाही. उचलून धरलेलं ओझं तसंच राहतं. वस्तू वाईट नव्हती, तिची जागा चुकली होती. हे एकदा कळलं की मूल गॅरेजकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतं.

बॅटरीनं तर या छंदाचा चेहराच बदलला. यूपीएसमधली बारा व्होल्टची, सात अँपिअर-अवरची लेड-अॅसिड बॅटरी दोन किलोंच्या वर भरते. सहा सेलची, पाच हजार मिलिअँपिअर-अवरची लिथियम-पॉलिमर बॅटरी पाऊण किलोच्या आसपास असून तिच्यात त्या लेड-अॅसिडहून जास्त ऊर्जा मावते, आणि ती झपाट्यानं बाहेरही येते. वाचलेला सव्वा किलो सरळ शस्त्रात. पण हीच बॅटरी फुगली, भोसकली गेली तर भडकते. चार्जिंग नजरेसमोर, आग न पकडणाऱ्या पिशवीत. पिंजऱ्याबाहेर शस्त्राला खीळ घातलेली. रिमोटचा संपर्क तुटला तर बॉट आपोआप थांबलाच पाहिजे. हे नियम ज्या कॉलेजात कंटाळवाणे वाटतात तिथे बॉट बांधूच नयेत.

वजनाच्या नियमांनी यंत्राला कशी दिशा मिळते, याचा एक छान नमुना आपल्याकडेच आहे. एके काळी कॉलेजांतले बरेच बॉट वायरवर चालत. बॅटरी नाही, वीज बाहेरून. मुलांनी वायरलेसकडे वळावं म्हणून काही स्पर्धांनी नियम केला की वायरलेस बॉटचं वजन प्रत्यक्षाच्या ०.८ पट धरायचं. म्हणजे पावणेएकोणीस किलोंचा बॉट पंधराच्या गटात बसतो. बॅटरी आणि रिसीव्हरचं ओझं उचलायला या सवलतीनं जागा करून दिली.

वारंग्यापासून चाळीसेक किलोमीटरवर, नांदेडच्या विष्णुपुरीत, १९८१ पासून श्री गुरू गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी संस्था उभी आहे. या पट्ट्यातली कितीतरी मुलं तिथे शिकायला जातात. त्यांच्यातला एखादा असा असतो, ज्याच्या बापाचं किंवा मामाचं फाट्यावर गॅरेज आहे. निळी पडलेली कड त्यानं लहानपणीच ओळखलेली असते. फिरत्या तबकडीचं गणित, म्हणजे जडत्वाचा आघूर्ण, तो वर्गात शिकतो. या दोन गोष्टी एका डोक्यात एकत्र आल्या की जे घडतं ते तयार किट मागवून जोडणाऱ्याला साधत नाही. आपल्या संघांनी तालुक्यातल्या मिस्त्रीला वर्कशॉपमध्ये बोलावून, त्याला त्याचा मेहनताना देऊन, समोर बसून कापायला, झाळायला शिकलं पाहिजे. तसं फार कमी ठिकाणी होतं, आणि याचं वाईट वाटतं.

शेवटी काटा येतोच. स्पर्धेच्या सकाळी रांग लागलेली असते. समजा, बॉट ठेवला आणि आकडा आला पंधरा किलो एकशे ऐंशी ग्रॅम. नापास. तासाभराची मुदत. मुलं ड्रिल काढतात. सहा मिलिमीटरच्या पोलादी पत्र्यात आठ मिलिमीटरचं एक भोक पाडलं की निघतात जेमतेम अडीच ग्रॅम. एकशे ऐंशीसाठी पाऊणशे भोकं पाडावी लागतील, तेवढा वेळ नाही आणि तेवढे बिटही नाहीत. कुणीतरी तीस मिलिमीटरचा होल-सॉ आणतो. त्याचं एक भोक तेहेतीस ग्रॅमचं, म्हणजे सहात काम होतं. पण कुठे पाडायची? शस्त्राच्या आधाराजवळ नाही, बोल्टांच्या ओळीत नाही. खडूनं सहा गोल काढले जातात, दोन पुसले जातात, पुन्हा काढले जातात. एक जण पत्रा गुडघ्यानं दाबून धरतो, दुसरा तेलाचा थेंब टाकतो, आणि ड्रिल सुरू होतं.