रस्त्यावरची मोटार ट्रॅकवर नेताना

सुरत शहरातून विमानतळाकडे आणि पुढे समुद्राकडे जाणारा डुमस रस्ता रुंद आहे. हिरे आणि कापड या दोन व्यवसायांनी समृद्ध केलेल्या या शहरात वेगवान, देखण्या स्पोर्ट्‌स कारची वानवा नाही. वानवा आहे ती त्या चालवण्यासाठी योग्य जागेची. तीनशे अश्वशक्तीची मोटार दारात उभी असते, पण तिचा वेग कायदेशीरपणे अनुभवता येईल असे पूर्ण लांबीचे सर्किट सुरतेत नाही. गोव्याची स्थितीही याहून वेगळी नाही.

ही उणीव रस्त्यावर भरून काढण्याचा प्रयत्न झाला की काय होते, हे दोन्ही राज्यांनी अनुभवले आहे. २० जुलै २०२३ च्या मध्यरात्री अहमदाबादच्या इस्कॉन उड्डाणपुलावर भरधाव मोटारीने अपघात पाहण्यासाठी थांबलेल्या लोकांना उडवले. नऊ जणांचा बळी गेला. त्यानंतर अवघ्या काही दिवसांनी, ६ ऑगस्टला, आपल्या बाणस्तारी पुलावर भरधाव मोटारीने तिघांचा जीव घेतला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे वा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास शिक्षा वाढते. तथापि, केवळ शिक्षेच्या धाकाने वेगाची ओढ संपत नाही. तिला वाट करून द्यावी लागते. ती वाट म्हणजे ‘ट्रॅक डे’.

शर्यत नव्हे, सराव

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. एखादा क्लब वा संस्था दिवसभरासाठी सर्किट भाड्याने घेते आणि सभासदांना आपापली मोटार तेथे चालवू देते. क्रमांक नसतात, बक्षीस नसते. चालकांचे अनुभवानुसार गट पाडले जातात. प्रत्येक गटाला पंधरा-वीस मिनिटांची सत्रे मिळतात. नवोदितांच्या गटात सहसा ठरावीक सरळ पट्ट्यावरच आणि पुढच्या चालकाने हाताने खूण केल्यावरच ओलांडून जाता येते.

सुरतकरांना सर्वांत जवळचा पर्याय पुणे जिल्ह्यात, तळेगावनजीकच्या नाणोली येथील स्पीडवेचा. अंतर सुमारे चारशे किलोमीटर. गोव्याहूनही तोच जवळ पडतो. कोइमतूरचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७ किलोमीटरचे सर्किट आणि ग्रेटर नोएडातील ५.१२५ किलोमीटरचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हे अन्य पर्याय. मात्र सुरतेहून तिन्ही हजार किलोमीटरपेक्षा दूर. ही अंतरे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण नवोदिताची मोटार बहुधा स्वतःच्या चाकांवर जाते आणि दिवसभराच्या श्रमानंतर त्याच चाकांवर परत येते. तयारी दोन्हींसाठी करावी लागते.

पहिला मान ब्रेकचा

नवी मोटार घेतली की अनेकांचे लक्ष आधी इंजिनाकडे जाते. चिप बदलावी, सायलेन्सर बदलावा, ताकद वाढवावी असे वाटते. नवोदिताला यातल्या कशाचीच गरज नसते. कारखान्यातून बाहेर पडलेली स्पोर्ट्‌स कार त्याच्या कौशल्यापेक्षा कितीतरी अधिक वेगवान असते. शिवाय नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल करण्यास कायद्याची मनाई आहे. तेव्हा पैसे खर्चायचेच असतील, तर ते ब्रेकवर खर्चावेत.

कारण समजून घेण्यासाठी थोडे गणित पाहू. दीड टन वजनाची मोटार ताशी १८० किलोमीटरवरून ६० वर आणताना ब्रेकना जी ऊर्जा पचवावी लागते, तिच्यात पाच लिटर गार पाणी उकळीला येईल. घरच्या गॅसवर त्याला वीस मिनिटे तरी लागतील. ब्रेकना हे काम चार-पाच सेकंदांत करायचे असते. शहरात असा प्रसंग वर्षातून एखाद्या वेळी येतो. ट्रॅकवर एकाच सत्रात लहान-मोठे असे तीस-चाळीस प्रसंग येतात आणि दोन वळणांमध्ये ब्रेक गार व्हायला पुरेशी उसंत मिळत नाही.

उष्णता दोन प्रकारे घात करते. पहिला प्रकार पॅडचा. मर्यादेपलीकडे तापलेल्या पॅडची पकड कमी होते. पेडल पायाला घट्ट लागते, पण मोटार थांबत नाही. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा, ब्रेक ऑइलचा. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. परिणामी पेडल थेट तळाला जाते आणि मोटार पुढेच धावत राहते.

सुरत काय नि गोवा काय, दोन्हीकडची हवा दमट. म्हणून ‘सहा महिन्यांपूर्वीच बदलले होते’ हे समाधान येथे पुरेसे नाही. ट्रॅक डेच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत सीलबंद डब्यातील नवे डॉट ४ किंवा मोटारीला चालत असल्यास डॉट ५.१ ऑइल भरून घ्यावे आणि चारही चाकांतील हवा काढून घ्यावी. नावातील साम्याने फसून सिलिकॉनचे डॉट ५ मात्र भरू नये. ते वेगळ्या जातीचे आहे. पॅडची जाडी निम्म्याहून कमी असेल तर नवे बसवावेत, डिस्कला तडे नाहीत ना हेही पाहावे.

टायर आणि हवा

टायरच्या बाजूवरील चार आकडी खूण त्याच्या जन्माचा आठवडा आणि वर्ष सांगते. ‘२३२३’ म्हणजे २०२३ सालचा तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या मोटारीचे टायर नक्षी शिल्लक असूनही कडक झालेले असतात. बाजूला भेगा वा फुगवटा दिसला, तर ती मोटार ट्रॅकवर नेऊच नये.

हवेचा प्रश्न थोडा नाजूक आहे. सकाळी थंड टायरात ३२ पीएसआय हवा आहे असे समजा. टायरातील हवेचे तापमान ३० अंशांवरून ८० वर गेले की तोच आकडा चाळिशीला टेकतो. फुगलेल्या टायरचा मधलाच भाग जमिनीला टेकतो आणि पकड घटते. म्हणून कंपनीने सांगितलेल्या दाबाने सुरुवात करावी, प्रत्येक सत्रानंतर टायर गरम असतानाच दाब मोजावा आणि वाढलेली हवा थोडी थोडी कमी करावी. मात्र अशी कमी केलेली हवा टायर गार झाल्यावर मूळ दाबाच्या बरीच खाली जाते. संध्याकाळी ती पुन्हा न भरता महामार्गावर निघणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. दाबमापक आणि हवा भरण्याचा छोटा पंप सोबत असावा तो यासाठी.

चाकांचे नट मोटारीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच, टॉर्क पान्याने आवळावेत. पायाने पाना दाबून आवळणे ही आपल्याकडची सवय येथे उपयोगाची नाही. दिवसभरात चाके गार झाल्यावर ते पुन्हा तपासावेत.

डिकी रिकामी, अंगावर सुती

इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत असावे, कारण जोरदार वळणात ते एका बाजूला सरकते आणि पातळी कमी असेल तर पंपाला हवा ओढावी लागते. कूलंट गळत नाही ना, बॅटरी घट्ट बसली आहे ना, हे पाहावे. टो हूक डिकीत कोठे आहे ते आधीच शोधून ठेवावे. त्यानंतर मोटार रिकामी करावी. पाण्याची बाटली, मोबाइल स्टँड, छत्री, जॅक, पेडलखाली सरकू शकेल अशी चालकाकडील मॅट, सारे बाहेर. डॅशबोर्डवरील गणपतीलाही नमस्कार करून सुरक्षित पिशवीत ठेवावे; धडक झाल्यास प्रत्येक सुटी वस्तू गोळ्यासारखी सुटते.

हेल्मेट आयोजकांनी मान्य केलेल्या दर्जाचेच हवे. मोटारींच्या खेळासाठीच्या हेल्मेटचे अस्तर ज्वालारोधक असते, दुचाकीच्या हेल्मेटचे सहसा तसे नसते. कपडे पूर्ण बाह्यांचे आणि सुती असावेत. सुरत ही कृत्रिम धाग्याच्या कापडाची देशातील प्रमुख पेठ. पण पॉलिएस्टर आगीत वितळून कातडीला चिकटते. म्हणून सुरतकरानेही या दिवशी आपल्या शहराचे कापड घरी ठेवलेले बरे.

काही हौशी चालक मूळ सीट तशीच ठेवून चार बिंदूंचे शर्यतीचे पट्टे बसवतात. हे टाळावे. मोटार उलटून छत दबले, तर साध्या पट्ट्यात शरीराला बाजूला झुकायला थोडा वाव राहतो. चार बिंदूंचे पट्टे माणसाला ताठ बांधून ठेवतात आणि रोल केज नसेल तर छताचा भार थेट मानेवर येतो. मूळ मोटारीत कंपनीचा तीन बिंदूंचा पट्टाच योग्य.

ट्रॅकवरचा दिवस

सकाळची सूचनासभा चुकवू नये. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा, ओलांडू नका. लाल म्हणजे सत्र थांबले, सावकाश पिटमध्ये परता. निळा म्हणजे मागून वेगवान मोटार येत आहे. प्रशिक्षक मिळत असेल तर पहिल्या सत्रात त्याला शेजारी बसवावे. मोटारीची इलेक्ट्रॉनिक स्थिरता प्रणाली चालूच ठेवावी. ती बंद करण्यात शौर्य नाही. सत्राची शेवटची फेरी ब्रेकचा कमीत कमी वापर करून संथ गतीने घ्यावी, म्हणजे वाहत्या हवेने ते गार होतात. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेले पॅड डिस्कला चिकटण्याची शक्यता असते. मोटार गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावावी.

जाण्यापूर्वी आणखी एका कागदाकडे पाहणे आवश्यक आहे. आपल्याकडील खासगी मोटारीच्या प्रमाणित विमा पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी, विश्वासार्हता चाचणी असा वापर संरक्षणातून वगळलेला असतो. ट्रॅकवर मोटार भिंतीला घासली, तर तो खर्च आपल्याच खिशातून जाणार असे गृहीत धरावे. कर्जाचे हप्ते अर्धे बाकी असलेली आणि मोडली तर घराचे गणित कोलमडेल अशी मोटार ट्रॅकवर नेऊ नये. त्यापेक्षा भाड्याच्या कार्टवर सुरुवात करावी. वळणाची रेषा, ब्रेकचा नेमका क्षण आणि नजर दूर ठेवण्याची सवय कार्टही शिकवते.

पहिल्या ट्रॅक डेहून परतणाऱ्या चालकाला एक गोष्ट बहुधा उमगलेली असते. संरक्षक भिंती, झेंडे घेऊन उभे असलेले मार्शल आणि सज्ज रुग्णवाहिका असतानाही ताशी दीडशेच्या वेगात निर्णयाला किती थोडा वेळ मिळतो, हे त्याने स्वतः पाहिलेले असते. डुमस रस्त्यावर किंवा बाणस्तारीच्या पुलावर यांपैकी काहीच नसते. समोर असतात ती घरी निघालेली माणसे. ही जाणीव घेऊन, टायरात पुन्हा हवा भरून तो सावकाश घरी पोहोचला, तर दिवस सार्थकी लागला असे समजावे.