जव्हार ते बोईसर : मजुरांच्या वाटेवर

भाताची झोडणी उरकते, दिवाळी होते आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून टेम्पो निघायला लागतात. कातकरी, वारली, ठाकूर कुटुंबं वसई, भिवंडी, वाड्याच्या वीटभट्ट्यांवर जगायला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तरुण पोरं बोईसरची वाट धरतात. तिथे तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायनांचे, औषधांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने आहेत आणि 1969 पासून वीज देणारं अणुऊर्जा केंद्रही जवळच आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या भिवंडीत श्रमाचे हे दोन बाजार अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर आहेत. दोन्हीकडे मजूर एकाच घरातले असतात, पण त्यांच्यासाठी झटणाऱ्या संस्था-संघटना एकमेकींना ओळखत नाहीत.

भट्टीवरची वही पाहिली की विषमता डोळ्यांसमोर येते. पावसाळ्यात घरात दाणा नसताना घेतलेली उचल सुरुवातीलाच मांडलेली असते. खाली आठवड्याची खर्ची चढत जाते. मजुरी हजार विटांमागे. काम नवरा-बायकोच्या जोडीचं, पण नाव एकट्या नवऱ्याचं. माती कालवणं, विटा पाडणं, वाळल्या विटा वाहणं यांत बाईचा वाटा तसूभरही कमी नसतो. हंगाम संपताना हिशेब होतो, तेव्हा तिच्या हातात स्वतंत्र पैसा येतच नाही. उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षी मालक आधीच ठरलेला.

या भागाने याहून वाईट दिवस पाहिले आहेत आणि ते मोडूनही काढले आहेत. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी इथलेच. 23 मे 1945 रोजी झरीला वारल्यांची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर या कार्यकर्त्या जोडप्याच्या पुढाकाराने वेठ आणि लग्नगडीची पद्धत नाकारली गेली. पुढचा लढा गवताच्या कापणीच्या दराचा होता. हे गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्यात गोळीबार झाला, तरी माणसं मागे हटली नाहीत. माझ्या मते त्या लढ्याचं बळ त्याच्या पसाऱ्यात होतं. एकाच पाड्याने काम बंद ठेवलं असतं, तर शेजारच्या पाड्यातून मजूर आणता आला असता. डहाणू-उंबरगावचे पाडे एका दरावर ठाम राहिले, म्हणून जमीनदारांची ती वाट बंद झाली.

वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 चा, पण वसईत तो जमिनीवर आणायला विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेला (1979) आणि श्रमजीवी संघटनेला (1982) उतरावं लागलं. सुटलेल्या गड्याला मुक्तीचा दाखला, रेशनकार्ड, रोजगार हमीचं काम हे सगळं लागतं. एक जरी राहिलं, तरी तो पुन्हा मालकाच्या दारात उभा राहतो. रचनात्मक काम एका संस्थेने आणि संघर्ष दुसरीने करायचा, ही जोडणी मला फार मोलाची वाटते. भट्टीवरच्या मुलांसाठीच्या भोंगाशाळाही त्याच कामातून उभ्या राहिल्या. डहाणू-जव्हारकडे कष्टकरी संघटनेने जमीन आणि जंगलाचे हक्क लावून धरले.

ही वेगवेगळी कामं एकमेकांशी जोडायची कशी, याचा एक नमुना बाहेर सापडतो. युरोपीय संघाने 2000 नंतर ‘इक्वल’ हा कार्यक्रम राबवला. नोकरीतल्या भेदभावावर काम करणाऱ्या प्रकल्पांनी दुसऱ्या देशातल्या प्रकल्पाशी जोडून घ्यायचं, ही त्याची अटच होती. आपल्याला देश ओलांडायची गरज नाही, तालुका ओलांडला तरी पुष्कळ आहे.

कारण मजुरांच्या हक्कांची गळती तालुक्याच्या हद्दीवर होते. गावात रोजगार हमीचा नमुना 4 भरून काम मागायचं, नमुना 5 ची तारीखवार पोच घ्यायची, 15 दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता मागायचा, हे कार्यकर्ते शिकवतात. तेच कुटुंब भट्टीवर गेलं की गावातल्या कार्यकर्त्याचा हात तिथे पोचत नाही. बोईसरमध्ये ठेकेदाराकडे लागलेल्या पोराची हजेरी ठेकेदाराच्या नावावर. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक त्याला ठाऊक नसतो, ठेकेदार बदलला की जुनी नोकरी जणू नव्हतीच. कंत्राटी कामगार कायद्याची मर्यादा महाराष्ट्राने 20 मजुरांवरून 50 वर नेल्याने छोटे ठेकेदार परवान्याच्या कक्षेतूनच सुटले. शेजारच्या यंत्रावर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचा मजूर असतो. दोघांचा ठेकेदार एकच, तरी स्थानिक विरुद्ध परप्रांतीय हा वाद मात्र त्यांच्यातच लावला जातो. जानेवारी 2020 मधल्या तारापूरच्या कारखान्यातल्या स्फोटाने आठ जीव घेतले. स्फोट कुणाचं गाव विचारत नाही.

करायचं ते अवघड नाही. टेम्पो निघण्याआधी पाड्यावरच यादी व्हावी : कोण, कुठल्या भट्टीवर, उचल किती, आणि बाईचं नाव वेगळं. ती यादी वसई-भिवंडीच्या कार्यकर्त्याकडे आणि कामगार कार्यालयात त्याच आठवड्यात पोचावी. बोईसरच्या कामगार संघटनांनी कंत्राटी मजुरांना सभासद करून घ्यावं. जव्हार आणि डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी आयटीआय झालेल्या मुलामुलींची नावं थेट कारखान्यांकडे द्यावीत, ठेकेदार मध्ये न घेता. आणि उचलीची खरी वेळ आषाढ-श्रावणातली असल्याने रोजगार हमीची थकलेली मजुरी त्याआधी खात्यात पडली पाहिजे. हिशेब भट्टीवर होतो, पण मजूर बांधला जातो तो टेम्पो निघण्याच्या तीन-चार महिने आधी, त्याच्या घरी.