मोटारसायकलीचा कार्ब्युरेटर : सुधारणा व बदल

मोटारसायकलीचा कार्ब्युरेटर : सुधारणा व बदल. एंजिन शोषून घेत असलेल्या हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात व तुषारांच्या रूपात मिसळणाऱ्या साधनाला कार्ब्युरेटर म्हणतात. मोटारसायकलीची शक्ती, वेग घेण्याची क्षमता किंवा इंधनाची काटकसर वाढविण्यासाठी त्यातील जेट, सुई व झडप यांत फेरफार करतात किंवा मूळ कार्ब्युरेटर काढून दुसरा बसवितात. कार्ब्युरेटर स्वतः शक्ती निर्माण करीत नाही. तो हवेच्या मानाने इंधन मोजून देतो. म्हणून अशा बदलापासून लाभ होणार की एंजिनाला इजा पोहोचणार, हे त्यानंतर मिश्रणाचे प्रमाण पुन्हा जुळविले जाते किंवा नाही यावर अवलंबून असते.

इतिहास : गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म माइबाख यांनी १८८५ मध्ये बनविलेल्या दुचाकीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन मिश्रण तयार करीत. १८९३ मध्ये माइबाख यांनी, तसेच हंगेरीत डोनात बांकी व यानोश चोंका यांनी, पेट्रोल तोटीतून तुषाररूपाने सोडणारे कार्ब्युरेटर पुढे आणले. ब्रिटनमध्ये तीन कंपन्यांच्या एकत्रीकरणातून १९२७ मध्ये निघालेल्या ‘ॲमल’चे कार्ब्युरेटर अनेक ब्रिटिश मोटारसायकलींवर बसविले जात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील मिकुनी व केहिन, इटलीतील देल्लोर्तो आणि जर्मनीतील बिंग या बनावटींचा प्रसार झाला.

रचना व कार्य : कार्ब्युरेटरच्या मार्गाचा मधला भाग अरुंद असतो. तेथे हवेचा वेग वाढून दाब कमी होतो आणि बाहेरील वातावरणीय दाबामुळे खालच्या पात्रातील पेट्रोल जेटमधून वर येते. या पात्रातील पेट्रोलची पातळी तरंगता गोळा, म्हणजे फ्लोट, व त्याची सुई-झडप स्थिर राखतात. मोटारसायकलींत सर्वसाधारणपणे उभी सरकणारी झडप असते. तिला कारागीर स्लाइड म्हणतात. मुठीला जोडलेल्या तारेने ती वर उचलली जाते व तिच्याबरोबर निमुळती सुईही वर येते.

झडप जसजशी उघडते तसतसे मिश्रणाचे नियंत्रण एका भागाकडून दुसऱ्याकडे जाते. साधारणपणे झडप बंद असताना व एक-अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट आणि हवेचा स्क्रू, एक-अष्टमांश ते एक-चतुर्थांश उघडेपर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरका काप, एक-चतुर्थांश ते तीन-चतुर्थांशांपर्यंत सुई व तिचे जेट आणि त्यापुढे मेन जेट, असा हा क्रम असतो. या टप्प्यांच्या सीमा एकमेकींत मिसळलेल्या असतात. तरीही दोष कोणत्या टप्प्यात जाणवतो हे पाहिले म्हणजे कोणता भाग बदलावा ते कळते. स्थिर गतीला खडखडणाऱ्या एंजिनासाठी मेन जेट बदलणे निरर्थक ठरते.

मिश्रणाचे प्रमाण : शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वस्तुमानाने १ भाग पेट्रोलमागे सु. १४.७ भाग हवा लागते. महत्तम शक्ती सु. १२.५ ते १३ भाग हवा असलेल्या समृद्ध मिश्रणाने मिळते, तर काटकसरीसाठी मिश्रण याहून विरळ, म्हणजे सु. १५ ते १६ भाग हवेचे लागते. त्यामुळे एकाच जुळणीत दोन्ही उद्दिष्टे पूर्णपणे साधत नाहीत. मिश्रण अती समृद्ध असल्यास ठिणगी प्लगवर काजळी धरते, सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुतले जाते व झीज वाढते. जास्त भार असताना मिश्रण विरळ असणे अधिक घातक असते. तापमान वाढून स्फोटक ज्वलन होते, पिस्टनचा माथा वितळून त्याला भोक पडू शकते आणि निष्कास झडप जळते. द्विधाव एंजिनात वंगणतेल पेट्रोलबरोबरच येत असल्याने पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते व पिस्टन सिलिंडरमध्ये जखडून चाक एकाएकी अडते.

जेट व सुई यांतील फेरफार : हवेची मूळ गाळणी काढून मोकळी गाळणी बसविल्यास किंवा कमी रोध करणारा सायलेन्सर लावल्यास मिश्रण बहुधा विरळ होते. अशा वेळी मेन जेट एक-दोन क्रमांकांनी वाढवितात. ॲमल जेटवरील क्रमांक त्यातून दर मिनिटास वाहणाऱ्या इंधनाचे घ. सेंमी. दर्शवितो, तर केहिन जेटवरील क्रमांक छिद्राचा व्यास मिमी.च्या शतांशांत दर्शवितो. त्यामुळे भिन्न बनावटींच्या क्रमांकांची सरळ तुलना करता येत नाही. सुईवरील क्लिप खालच्या खाचेत बसविली म्हणजे सुई वर येते व मधल्या टप्प्यातील मिश्रण समृद्ध होते. स्लाइडचा काप मोठा केल्यास मिश्रण विरळ होते. जेटचे छिद्र तारेने किंवा गिरमिटाने मोठे करणे चुकीचे आहे, कारण छिद्राचा आकार व कडा बिघडून प्रवाह अनिश्चित होतो.

मोठा कार्ब्युरेटर : याची इष्टानिष्टता एका उदाहरणाने स्पष्ट होते. मद्रास (आता चेन्नई) येथे १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या रॉयल एन्फील्ड बुलेटच्या ३४६ घ. सेंमी. एंजिनास बराच काळ २४ मिमी. मार्गाचा कार्ब्युरेटर असे. त्याजागी २८ मिमी.चा बसविल्यास मार्गाचे क्षेत्रफळ सु. ४५२ चौ. मिमी.वरून ६१६ चौ. मिमी. होते, म्हणजे सु. ३६ टक्क्यांनी वाढते. दर मिनिटास ५,५०० फेऱ्यांना सिलिंडर पूर्ण भरतो असे मानल्यास, चूषण धावेत हवेचा सरासरी वेग लहान मार्गात सेकंदास सु. १४० मी. व मोठ्या मार्गात सु. १०३ मी. येतो. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नसल्याने हे वेग कमी असतात. वेग कमी म्हणजे रोध कमी. म्हणून उच्च गतीला काही लाभ संभवतो. परंतु २,००० फेऱ्यांना हेच वेग अनुक्रमे सु. ५१ मी. व ३७ मी. इतके उतरतात. मंद हवेत दाब पुरेसा कमी होत नाही व तुषार जाड पडतात. मूठ एकदम पिळल्यास एंजिन अडखळते आणि शहरातील रहदारीत खेच कमी झाल्याचे जाणवते. शिवाय झडपांचा आकार, कॅम, आदान मार्ग व निष्कास नळ पूर्वीचेच राहिल्यास रोध तेथे कायम राहतो व उच्च गतीचा लाभही अल्प ठरतो.

स्थिर निर्वात प्रकारच्या कार्ब्युरेटरमध्ये मुठीने फक्त फुलपाखरी झडप उघडते व स्लाइड एंजिनाच्या चूषणाने आपोआप वर जाते. त्यामुळे वरील दोष बराच टळतो. मात्र मुठीला मिळणारा प्रतिसाद काहीसा मंद असतो. शर्यतीच्या वाहनांत चपट्या स्लाइडचे व वेगवर्धक पंप असलेले कार्ब्युरेटर वापरतात. नवा कार्ब्युरेटर बसविताना त्याचा मार्ग व आदान मार्ग यांच्या जोडावर पायरी राहू नये, उष्णतारोधक जोडतुकडा असावा आणि सांध्यातून हवा आत येऊ नये. हवा झिरपत असेल, तर जेट कितीही बदलले तरी जुळणी साधत नाही.

तपासणी : प्रथम फ्लोटची पातळी, ठिणगीची वेळ व झडपांची फट योग्य करून घेतात, आणि नंतर एका वेळी एकच भाग बदलतात. मेन जेट समृद्ध बाजूने सुरू करून क्रमाने लहान करीत जाणे सुरक्षित असते. बंद धावपट्टीवर पूर्ण मुठीने वाहन चालवून एंजिन एकदम बंद करतात व क्लच दाबून वाहन थांबवितात. नंतर प्लग काढून पाहतात. फिकट तपकिरी रंग योग्य, कोरडी काजळी समृद्ध व पांढरट, फोडांसारखे ठिपके असलेला पृष्ठभाग विरळ मिश्रण दर्शवितो. शिसेविरहित पेट्रोलमुळे हे रंग पूर्वीइतके स्पष्ट उमटत नाहीत. निष्कास वायूतील ऑक्सिजन मोजणारे उपकरण अधिक विश्वसनीय असते.

उंची व इंधन यांचा परिणाम : समुद्रसपाटीपासून ३,५०० मी. उंचीवर हवा सु. ३० टक्क्यांनी विरळ असते. कार्ब्युरेटर तिचे वस्तुमान मोजत नसल्याने मिश्रण १५ ते २० टक्क्यांनी समृद्ध होते. लेहसारख्या ठिकाणी एंजिन धूर सोडते ते यामुळे. तेथे लहान मेन जेट बसविल्यास, सपाटीवर परतताच मूळ जेट पुन्हा बसविणे अत्यावश्यक असते. इथेनॉल-मिश्रणाचा परिणाम उलट होतो. २० टक्के इथेनॉल असलेल्या इंधनास सु. १३.५ भागच हवा लागते. भारतात अशा इंधनाची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली. जुन्या जुळणीच्या एंजिनात त्याने मिश्रण विरळ होते. तसेच काही जुनी रबरी वेष्टने फुगतात.

नियम व सद्यःस्थिती : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूलतः दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. अती समृद्ध मिश्रणाने कार्बन मोनॉक्साइड वाढून वाहन प्रदूषण तपासणीत अपात्र ठरू शकते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर जवळजवळ सर्व नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनीय इंधन अंतःक्षेपणाने घेतली. त्यात हवेचा दाब व तापमान मोजून इंधन ठरविले जाते. तथापि जुन्या मोटारसायकली मोठ्या संख्येने वापरात असल्याने कार्ब्युरेटरच्या जुळणीचे ज्ञान आजही उपयुक्त आहे. झिजलेली सुई व जेट बदलून, पात्र स्वच्छ करून मूळ जुळणी पूर्ववत केली, तर सर्वसाधारण वापरात पुष्कळदा मोठा कार्ब्युरेटर बसविण्यापेक्षा अधिक लाभ होतो.