ब्रेकचें काम : दुकानांत द्यावें कीं घरीं करावें ?

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतील पुष्कळ बागाइतदारांच्या दारांत स्वतःची मालगाडी उभी राहूं लागली आहे. पूर्वीं आंब्याच्या पेट्या भाड्याच्या गाडींतून जात. सांप्रत ज्याची बाग मध्यम आहे तोही लहानसा पिकअप बाळगतो. चैत्र-वैशाखांत आंबा वाहतो व एरवीं खत, चिरे, नारळ, पेंड वाहतो. गाडी घरची झाली तसा तिच्या दुरुस्तीचा खर्चही घरच्या वहींत येऊन बसला, आणि जो तो मजुरी वांचविण्याच्या मार्गास लागला. इतर दुरुस्तीविषयीं आम्ही येथें कांहीं लिहीत नाहीं. इंजिन बिघडलें तर गाडी जागच्या जागीं उभी राहते व फार तर एक दिवस फुकट जातो. ब्रेकची गोष्ट तशी नव्हे, व आपला मुलूख तर घाटांचा आहे. म्हणून एवढें एक काम पैसे देऊन करून घ्यावें कीं आपल्या हातानें करावें, याविषयीं आम्हांस जें कळलें तें वाचकांपुढें ठेवितों. कळलें तें बहुतेक चुका करूनच कळलें, हें आधींच कबूल करतों.

दोन वर्षांमागें वैशाखांत आमचा पुतण्या व आम्ही कोल्हापुरास आंबा घेऊन गेलों होतों. परततांना पेंडीचीं २४ पोतीं भरलीं. आपल्याकडे आंबा घाट चढतो आणि पेंड घाट उतरते, हें वाचकांस ठाऊकच आहे. म्हणजे ओझें उतारावरच असतें. मलकापूर सोडून आंबा घाट उतरूं लागलों. पुतण्यानें गाडी वरच्या गिअरमध्यें ठेविली होती व वळणावळणाला ब्रेक दाबीत होता. घाट बराच उतरल्यावर एका वळणावर पेडल एकदम मऊ लागलें आणि तळापर्यंत गेलें. त्यानें दोन-तीन वेळां पेडल मारलें, गिअर खालीं आणला, हँडब्रेक हळूहळू ओढला व गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारांत घातली. तीन पोतीं फुटलीं. माणसांस इजा झाली नाहीं. दरीची बाजू दहा हातांवर होती. पुढें तासाभरानें पेडल दाबून पाहिलें तों तें पूर्ववत् घट्ट ! जणूं कांहीं झालेंच नव्हतें.

हा चमत्कार नव्हे. द्रवावर एका ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्वत्र सारखा पोंचतो, हें सतराव्या शतकांत पास्कल या फ्रेंच विद्वानानें मांडलें. त्याच तत्त्वावर पायाचा दाब नळीतील ऑइलमधून चारही चाकांस जातो. द्रव दबत नाहीं म्हणून हें साधतें. परंतु त्या ऑइलला उकळी आली कीं त्याची वाफ होते, आणि वाफ दबते. मग पाय सगळा वाफ दाबण्यांत खर्च होतो व चाकापर्यंत कांहीं पोंचत नाहीं. गाडी निवाली म्हणजे वाफेचें पुन्हां ऑइल होतें व पेडल घट्ट लागतें.

उकळी येण्याइतकी उष्णता कोठून आली, असें कोणी विचारील. तीन टन वजनाची गाडी ५०० मीटर उंचीवरून केवळ ब्रेकच्या जोरावर खालीं आणिली, तर जी उष्णता उत्पन्न होते तींत सुमारें ५० लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीस येईल. लग्नघरच्या न्हाणीच्या बंबाएवढी ही उष्णता चार चाकांच्या लोखंडांत शिरते. कांहीं वाऱ्यावर जाते, उरलेली ऑइलकडे धांवते.

आतां ब्रेक ऑइलचा स्वभाव पाहा. बाटलीवर 'डॉट ३' किंवा 'डॉट ४' असें छापलेलें असतें. 'डॉट ३' चें नवें ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळतां कामा नये, व 'डॉट ४' चें २३० अंशांपर्यंत. परंतु हें ऑइल हवेंतील ओल शोषून घेतें. मिठाच्या बरणीस पावसाळ्यांत काय होतें तें घरोघर ठाऊक आहे, तीच जात. शेंकडा तीन-चार भाग पाणी मिसळलें कीं 'डॉट ३' ची मर्यादा १४० अंशांवर व 'डॉट ४' ची १५५ वर उतरते. म्हणून दोन वर्षांनीं तें सर्व काढून नवें भरावें, असें पुष्कळ कारखानदार सांगतात. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने समुद्राची दमट हवा. येथें ही मुदत वाढवूं नये, झाल्यास कमी करावी.

आमच्या गाडीचें ऑइल पांच वर्षांत एकदांही बदललें गेलें नव्हतें. या अवधींत शहरांतील एका दुकानांत आम्हीं दोन वेळां ब्रेकचें काम करून घेतलें होतें. दोन्ही वेळां मागील लायनर बदलले व ऑइल फक्त वरून भरलें. दोष दुकानदाराचा होता हें खरें, परंतु आमचाही होता. तीस वर्षें आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केली. तपशील नसलेलें एकही व्हौचर टेबलावरून पुढें जाऊं दिलें नाहीं. आणि स्वतःच्या जिवाशीं गांठ असलेल्या कामाची पावती घेतली ती अशी : 'ब्रेक काम, रु. २,१००.' काय केलें, काय बदललें, कोणतें ऑइल घातलें, कांहीं नाहीं. आम्हीं ती घडी घालून खिशांत ठेविली.

या प्रसंगानंतर पुतण्यानें निश्चय केला कीं यापुढें दुकानाची पायरी चढावयाची नाहीं. त्यानें पाने, जॅक, पारदर्शक नळी सर्व आणिलें, आणि खरोखर चांगलें काम केलें. पण एका रविवारीं टाकींत ऑइल कमी दिसलें, बाजार बंद होता, आणि घरांत स्टिअरिंगच्या ऑइलची लाल बाटली होती. 'ऑइल तें ऑइल' असें म्हणून त्यानें पावशेर ओतलें. ब्रेकच्या आंतील रबर ब्रेक ऑइलसाठींच केलेलें असतें. खनिज तेल लागलें कीं तें फुगतें. तिसऱ्या दिवशीं चाकें जखडूं लागलीं, ड्रमांतून जळका वास येऊं लागला. मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतचें सगळें रबर बदलावें लागलें, आणि दोन वर्षांत वांचविलेली मजुरी एका बिलांत गेली. दुकानावर रागावून घरीं केलेलें काम असें दुकानांतच परतलें.

तेव्हां प्रश्न 'दुकान कीं घर' असा एकच नाहीं. कोणतें काम कोठें, असा आहे. पाहणी ही नेहमीं घरचीच असावी, कारण मिस्त्री आपल्या दारांत रोज येत नाहीं. टाकींतील ऑइलची पातळी दर महिन्यास पाहावी. लायनर व पॅड झिजतात तशी ती सावकाश उतरते. म्हणून उतरलेली पातळी हा निरोप आहे. तो न वाचतां वरून ऑइल भरणें म्हणजे विहिरीचें पाणी कां आटलें हें न पाहतां घागरीनें तींत पाणी ओतणें. पातळी चार दिवसांत उतरली तर कोठेंतरी गळती आहे. चाकाच्या आंतल्या बाजूस ओला डाग दिसला तर व्हील सिलिंडर गळत आहे असें समजावें, व गाडी घाटांत नेऊं नये. लोखंडी नळ्यांवर गंज चढला आहे काय, हेंही पाहावें. किनाऱ्यालगतच्या गांवांत खाऱ्या वाऱ्यानें त्या लवकर खातात.

पुढच्या डिस्कचे पॅड बदलणें हें दोन पान्यांचें काम आहे व ज्याचा हात बसला आहे त्यानें तें घरीं करण्यास हरकत नाहीं. दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदलावे. पिस्टन मागें सारतांना टाकी भरून वाहूं देऊं नये. तें ऑइल रंग खातें. कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवूं नये. आणि काम झाल्यावर, गाडी हलविण्यापूर्वीं, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावें; नाहींतर पहिल्या दाबास पाय तळाशीं जातो व अंगणांतली तुळस मोडते. (आमची मोडली.)

ड्रममधील लायनरचें काम अधिक खटपटीचें. एका वेळीं एकच चाक उघडावें, म्हणजे स्प्रिंगा कशा होत्या हें दुसऱ्या चाकावरून पाहतां येतें. आंतील काळी भुकटी तोंडानें किंवा पंपाच्या हवेनें उडवूं नये. जुन्या व हलक्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व तो फुप्फुसांस घातक आहे. साबणाच्या पाण्यानें भिजवून पुसावी. डिझेलनें धुण्याची जी सर्रास चाल आहे ती वाईट, कारण वर सांगितल्याप्रमाणें रबर फुगतें.

एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. आपल्या अंगणांत जांभ्याचे चिरे पडलेलेच असतात, आणि जॅकनें उचललेल्या गाडीखालीं चिरा सरकविण्याची संवय पुष्कळांस आहे. भिंतींत चिरा वजन धरतो, कारण भार सर्व अंगावर पसरलेला असतो. गाडीच्या आंसाचा भार एका टोंकावर आला कीं तोच चिरा कांहीं सूचना न देतां फुटतो. लोखंडी स्टँड घ्यावे, तोंपर्यंत जाड लाकडाचे ओंडके आडवे-उभे रचावे, आणि निव्वळ जॅकवर उभ्या गाडीखालीं कोणीही हात घालूं नये.

ऑइल बदलून हवा काढण्याचें काम दोन माणसांचें. एक पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाजवळचें निपल सैल करतो, व पेडल सोडण्यापूर्वीं तें पुन्हां आवळतो. बहुधा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करतात, तथापि गाडीबरोबरच्या पुस्तकांत क्रम असेल तो पाळावा. टाकी मध्येंच रिकामी होऊं देऊं नये, आणि फोडून ठेवलेली जुनी बाटली वापरूं नये. ज्या गाडींत चाक न जखडूं देणारी विजेची योजना आहे, तींत हवा काढण्यास कधीं कधीं निराळें यंत्र लागतें. तेथें घरीं हात घालूं नये. मास्टर सिलिंडर, बूस्टर, नळ्या आणि ड्रमला लेथवर चढविणें हींही दुकानाचीं कामें होत. मोठ्या ट्रकच्या हवेच्या ब्रेकचे डबे तर हौसेनें कधींच उघडूं नयेत; आंतील दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती माणूस मारते.

हिशेबाचें बोलावयाचें तर साहित्याची किंमत दोन्हीकडे सारखीच पडते. घरीं वांचते ती मजुरी. आमच्या वहीप्रमाणें मागील दोन चाकांच्या लायनरच्या कामास दुकानानें ७०० रुपये मजुरी घेतली, आणि स्टँड, जॅक, पाने यांस आम्हांस सहा हजारांवर खर्च आला. एका गाडीच्या मालकास हा खर्च फिटण्यास अनेक वर्षें लागतील. तथापि वाडींतल्या चार-पांच गाड्यांनीं मिळून एकच संच ठेविला तर गोष्ट निराळी. आपल्या संस्थेंत फवारणीचे पंप जसे आळीपाळीनें फिरतात, तसा हाही फिरूं शकेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यास केलेला मुलगा वाडींत असेल तर त्यासच रीतसर मजुरी देऊन काम सांगावें. घर आणि दुकान यांमधली ती चांगली वाट आहे.

दुकानांत काम दिलें तर तेथें बसून राहावें. ऑइलची बाटली आपल्यासमोर फोडावयास सांगावी, काढलेले जुने भाग मागून घ्यावे, आणि एका आंसाच्या दोन्ही चाकांचें काम झालें कीं नाहीं तें पाहावें. व्हील सिलिंडर गळका ठेवून नवा लायनर घातला तर तो महिन्याभरांत ऑइलनें भिजून निकामी होतो. म्हणून लायनर बदलतांना सिलिंडरचें रबर उचलून पाहावयास लावावें. पावतींत प्रत्येक भाग, मजुरी व ऑइलचा प्रकार स्वतंत्र लिहवून घ्यावा. पावती न देणें ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत अनुचित व्यापारी प्रथा म्हणून गणली आहे, हें नम्रपणें सांगितलें म्हणजे बहुधा पुरतें.

कोठेंही दुरुस्ती केली तरी चालविणाऱ्याची संवय वाईट असेल तर ऑइल उकळणारच. ज्या गिअरमध्यें घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्यें तो उतरावा, म्हणजे इंजिन गाडी धरून ठेवतें. डिझेल वांचविण्यासाठीं न्यूट्रलमध्यें, किंबहुना इंजिन बंद करून, उतरणारे वीर आपल्यांत आहेत. इंजिन बंद झालें कीं बूस्टरचें बळ एक-दोन दाबांपुरतेंच उरतें.

ट्रॅक्टरच्या ब्रेकच्या दोन पेडली रस्त्यावर येतांना कडीनें जोडाव्या, व दोन्ही सारख्या लागतात कीं नाहीं हें मोकळ्या शेतांत पाहावें. असमान असल्यास ट्रॅक्टर एका अंगास ओढतो. पॉवर टिलर उतारावर असतांना डावा क्लच दाबला तर तें चाक मोकळें सुटून पुढें धांवतें व यंत्र उजवीकडे वळतें, हें नवशिक्यास आधीं सांगून ठेवावें. पावसाळ्यांत गाडी महिनोंमहिने उभी ठेवावयाची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवूं नये. लायनर ड्रमला गंजानें चिकटतो. गिअरमध्यें घालून चाकांस ओंडके लावावे.

आमच्या गाडींत आतां एक लहान वही असते. तींत तारीख, किलोमीटर, काय केलें, कोणीं केलें, आणि ऑइल पुन्हां केव्हां बदलावयाचें, असे पांच रकाने आहेत. पुतण्या दर महिन्यास टाकी पाहून सही करतो. प्रथम हंसत असे, आतां हंसत नाहीं. गेल्या वैशाखांत तितकींच पोतीं घेऊन तोच घाट उतरलों. साखरप्याच्या अलीकडे गाडी उभी केली व खालीं उतरून चाकाजवळ हात नेऊन पाहिला. ऊब होती, वास नव्हता. पेडल घट्ट होतें. चहा घेऊन पुढें निघालों.