वकिलाच्या वाड्यातले दप्तर

मराठ्यांच्या पराक्रमाचे श्रेय आपण तलवारीला देतो, पण फौज कुणावर न्यायची आणि कुणाशी तूर्त गोड राहायचे, हे पुष्कळदा बोरूने ठरे. अष्टप्रधानांत परराज्यांचा कारभार सुमंत, म्हणजे डबीर, पाहत. पेशवाईत त्याचा खरा भार वकिलांवर, म्हणजे परदरबारी नेमलेल्या दूतांवर, आला: दिल्लीस हिंगणे, हैदराबादेस गोविंदराव काळे. दरबारात कोण रुसला, कुणाची छावणी हलली, कुणाच्या शिपायांचा पगार थकला, हे सारे मोडीत, बोरू फारसा न उचलता, लांबच लांब कागदावर उतरायचे. आरंभी मायना, आत मुसलमानी महिन्याची तारीख, शेवटी ‘हे विनंती’. मग जासुदांची जोडी पुण्याची वाट धरायची. बातमी मिळवण्यात हे वकील कुणाला हार जाणारे नव्हते.

उणीव होती ती बातमी सांभाळण्यात. दिल्लीच्या राजकारणाचे कागद हिंगण्यांच्या नाशिकजवळील चांदोरीच्या घरी राहिले, नाना फडणवीसांचे मेणवलीच्या वाड्यात. वकिली बापाकडून मुलाकडे जाई, तिच्याबरोबर दप्तरही. कुणी म्हणेल, त्या काळी युरोपातही वकील आपले कागद घरी नेत, मग मराठ्यांनाच बोल का? आक्षेप खरा आहे. शिवाय घराण्याच्या वकिलीत ओळखीपाळखी मुरत, फारसी दरबाराच्या खाचाखोचा पिढीजात कळत. हा लाभ लहान नव्हे. पण गाठ पडली ती ईस्ट इंडिया कंपनीशी. चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पुण्यास रेसिडेंट म्हणून आला. त्याची पत्रे कलकत्त्याला जात आणि रेसिडेन्सीच्या दप्तरीही राहत. पुढे पामर आला, क्लोज आला, एल्फिन्स्टन आला. प्रत्येकाला आधीच्याचे कागद आयते हाती होते. माणूस बदलला तरी कंपनीची आठवण तुटत नव्हती. पुण्याचे परराष्ट्रकारण मात्र एका नानांच्या डोक्यात गोळा झाले होते, आणि राज्याचे इतके मोठे काम एका आयुष्यावर टांगणे ही घोडचूक होती असे मला ठामपणे वाटते.

मार्च १८०० मध्ये नाना गेले तेव्हा फौजा मोडल्या नव्हत्या. शिंदे-होळकरांकडे कवायती पलटणी आणि तोफा भरपूर होत्या. पण नानांबरोबर राज्याची आठवण गेली. शिंदे-होळकरांच्या भांडणात पुणे सोडून पळालेल्या पेशवा दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला. त्या तहाने कंपनीला विचारल्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करण्याचा पेशव्यांचा अधिकार संपला.