आपणच आपल्यास घातलेली बंदी

जुगारापायीं घरें बुडतात, ही गोष्ट आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. धर्मराजाच्या द्यूताची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों, आणि ती ऐकून बहुधा शकुनीस दोष देऊन स्वस्थ बसतों. परंतु त्याहून पुष्कळ जुनें असें ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त या बाबतींत अधिक बोधप्रद आहे. त्यांतील द्यूतकार यापुढें खेळावयाचें नाहीं असें ठरवितो, आणि फांशांचा आवाज कानीं पडतांच पुन्हा द्यूतसभेची वाट धरितो. त्याचे आईबाप व भाऊ त्यास ओळख देईनासे होतात. त्या बिचाऱ्याचा निश्चय खोटा नव्हता. पण निश्चय आणि सभा यांच्यामध्यें अडविणारें एकही दार नव्हतें. आज आम्हांस जें सांगावयाचें आहे तें अशा दाराविषयीं.

प्रथम आपल्या जवळचीच परिस्थिति पाहूं. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें. कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं व वरच्या अंगास पुन्हा वसलीं. करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांतील जलाशयाकाठच्या शिवारांत ऊस डोलूं लागला. उसाचा पैसा रोजमजुरीसारखा थोडा थोडा येत नाहीं. तो मोठ्या रकमेनें बँकेंत जमा होतो. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत त्याची किंमत द्यावी, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडकच आहे. आणि ज्या खात्यांत घराची वर्षाची कमाई येते, तेंच खातें आतां खिशांतल्या फोनला जोडलेलें असतें. पूर्वीं मटक्याचा आकडा लावावयाचा तर टपरीपर्यंत चालत जावें लागे, आणि जातां येतां चार ओळखीचीं माणसें पाहत. तेवढी चाल व तेवढी लाज हेंही एक दारच होतें. तें आतां उरलें नाहीं. अंथरुणावर पडल्या पडल्या, शेजारीं बायकोमुलें झोंपलीं असतां, उसाचें बिल तासाभरांत संपूं शकतें.

कायदा आहेच. १८८७ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत जुगाराचा अड्डा चालविणें हा गुन्हा ठरला. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें कायदा करून पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली. ते चालविणारास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटि रुपयांपर्यंत दंड सांगितला. खेळणारास मात्र शिक्षा ठेविली नाहीं, हें योग्यच झालें. परंतु कायद्यानें दुकान बंद होतें, मनाची ओढ बंद होत नाहीं. चोरटे मार्ग शोधणारास ते सांपडतात. जागतिक आरोग्य संघटनेनें जुगाराच्या अनावर सवयीस रोगांच्या यादींत स्थान दिलें आहे, तें उगीच नव्हे.

परदेशांत यावर एक निराळी युक्ति निघाली आहे. अमेरिकेंतील मिसूरी राज्यानें १९९६ सालीं अशी यादी उघडली कीं, जुगारी मनुष्यानें आपण होऊन तींत नांव घालावें आणि मग जुगारगृहांनीं त्यास आंत घेऊं नये. ब्रिटनमध्यें २०१८ पासून 'गॅमस्टॉप' नांवाची नोंदणी आहे. सहा महिने, एक वर्ष किंवा पांच वर्षें अशी मुदत मागून घ्यावयाची, आणि ती संपेपर्यंत नांव काढून घेतां येत नाहीं. ऑस्ट्रेलियानें २०२३ सालीं 'बेटस्टॉप' सुरू केलें. तेथें बंदी जन्मभराचीही घेतां येते. सिंगापुरांत तर जवळच्या कुटुंबीयांसही अशा बंदीसाठीं अर्ज करितां येतो. गोव्यांत २०२० पासून स्थानिक रहिवाशांस कॅसिनोंत जाण्यास मनाई आहे; पण ती सरकारनें सरसकट घातलेली, स्वतःहून मागितलेली नव्हे.

या योजनांची मर्यादाही उघड आहे. परवाना घेतलेला धंदेवाला यादी पाहतो. चोरून धंदा करणारा ती कशाला पाहील? आपल्याकडे हे खेळच निषिद्ध असल्यामुळें तशा यादीचा उजनीकांठच्या गृहस्थास उपयोग नाहीं. परंतु तिचें तत्त्व घेतां येतें. मन शांत असतां निर्णय करावा, त्यास मुदत घालावी, तो चारचौघांस कळवावा, आणि दुबळ्या क्षणीं तो एकट्यास फिरवितां येऊं नये अशी तजवीज करावी. आपल्या लोकांस हें परकें वाटूं नये. हीच भीमा पुढें पंढरपुरास जाते. तेथें माळ घालणारा वारकरी दुसरें काय करितो? तो आपला नेम लोकांदेखत गळ्यांत बांधून घेतो.

घरापुरती ही व्यवस्था अशी करितां येईल. उसाचें बिल फोनशीं न जोडलेल्या, दोघांच्या सहीनें चालणाऱ्या खात्यांत घ्यावें. रिझर्व्ह बँकेनें २०२० पासून कार्डावरील ऑनलाइन व्यवहार बंद ठेवण्याची सोय ग्राहकास दिली आहे, तिचा उपयोग करावा. जुगाराचीं संकेतस्थळें अडविणारी सोय फोनमध्यें बसवून तिचा परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हातीं द्यावा. ज्यांच्याकडून उसने मिळतात त्यांस त्या मनुष्यानें स्वतःच सांगून ठेवावें कीं, अमुक दिवसांपर्यंत मला पैसे देऊं नका.

एकत्र कुटुंबांत खरा प्रश्न पुढेंच आहे. किल्ली कोणाकडे असावी? आमच्या मतें तें त्या मनुष्यानेंच ठरवावें; मग ती वहिनीकडे जावो कीं धाकट्या भावाकडे. वडिलांनीं फोन हिसकावून घेतला तर ती कैद होते, आणि कैदी फट शोधतो. त्यानें आपण होऊन दिला तर तो नेम होतो. तसेंच त्याचें कर्ज आईचे दागिने मोडून गुपचूप फेडूं नये. असें झाकलेलें कर्ज पुन्हा वाढतें. सर्व देणें एकदां कागदावर मांडावें, आणि फेड उघडपणें व हप्त्यांनीं व्हावी. मुदतींत पाय घसरलाच तर नवी मुदत घालावी, पण सूक्तांतल्या आईबापांप्रमाणें ओळख टाकूं नये. कर्जाच्या भारानें कोणी जिवाचें बरेंवाईट करण्याची भाषा करूं लागला तर त्यास क्षणभरही एकटें सोडूं नये. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे. तेथें मराठींतही बोलतां येतें.

गळिताचा हंगाम लागून पहिलें बिल खात्यावर येण्यापूर्वींच ज्या घरांत गरज असेल तेथें ही बोलणी व्हावीत, एवढीच आमची विनंति आहे.