तेलाचे तळे कुठेच नसते

जमिनीच्या पोटात कुठेतरी तेलाचे मोठे तळे असते आणि त्यात नळी सोडली की तेल वर येते, अशी समजूत चांगल्या शिकलेल्या माणसांचीही असते. पेट्रोलियम जिऑलॉजीचा पदव्युत्तर अभ्यास सुरू होतो तो ही समजूत मोडण्यापासून. तेल असते खडकात. वालुकाश्माच्या कणांमधल्या फटींत किंवा चुनखडीतल्या बारीक पोकळ्यांत ते मुरलेले असते, ओल्या विटेत पाणी मुरलेले असते तसे. तेलाने भरलेला खडक हातात घेतला तर तो साधा दगडच दिसतो. थोडा डागाळलेला, आणि नाकाशी नेला तर रॉकेलची आठवण करून देणारा.

महाराष्ट्रातून या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याची एक वेगळीच अडचण असते. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टने झाकलेला आहे. बीएस्सीला भूशास्त्र घेतलेल्या मुलामुलींनी तीन वर्षे घाटातला काळा कातळच जवळून पाहिलेला असतो. हा कातळ लाव्हा थिजून झालेला; त्यात ना शेवाळाचे अवशेष, ना समुद्रातल्या जीवांचे. तेलाचा जन्म मात्र गाळात होतो. म्हणून या अभ्यासक्रमांच्या सहली कच्छला किंवा तामिळनाडूतल्या अरियलूरला जातात. कच्छमध्ये ज्युरासिक काळातले आणि अरियलूरला त्यानंतरच्या क्रिटेशस काळातले समुद्री खडक उघड्यावर दिसतात. तिथे टेप लावून एकेक थर मोजायचा, भिंगातून कणांचा आकार पाहायचा, सौम्य आम्लाचा थेंब टाकून फसफसते का बघायचे आणि वहीत लिहायचे. शंख-शिंपले आणि गोल वेटोळ्यांचे अमोनाइट कुठल्या थरात सापडले, त्यावरून तिथे समुद्र किती खोल होता याचा अंदाज बांधायचा. हे काम कंटाळवाणे आहे. पण पुढे आयुष्यभर संगणकाच्या पडद्यावर ज्या रेघा पाहायच्या, त्या रेघा म्हणजे प्रत्यक्षात काय असते, हे पाहण्याची संधी इथेच मिळते.

वर्गात शिकवले जाते ते स्वयंपाकघराच्या भाषेत सांगता येईल. समुद्राच्या किंवा तलावाच्या तळाशी मेलेले सूक्ष्म जीव चिखलात गाडले जातात. वर गाळाचे थर चढत जातात तशी उष्णता वाढते. साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्या सेंद्रिय द्रव्याचे तेल होऊ लागते. उष्णता कमी पडली तर माल कच्चा राहतो, फार वाढली तर तेलाचा वायू होतो. माल किती शिजला हे ओळखण्याची एक पद्धत विद्यार्थी प्रयोगशाळेत शिकतात. खडकात सापडणाऱ्या लाकडाच्या सूक्ष्म कणांवर, म्हणजे व्हिट्रिनाइटवर, सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाश टाकतात आणि तो किती परावर्तित होतो ते मोजतात. हे प्रमाण ०.६ ते १.३ टक्क्यांच्या आसपास असेल तर त्या खडकातून तेल निघाले असण्याची आशा असते.

तयार झालेले तेल जागेवर थांबत नाही. पाण्यापेक्षा हलके असल्याने ते वर सरकत राहते आणि वाटेत अडवणारे काही नसेल तर जमिनीवर येऊन वाया जाते. म्हणून तेलसाठा व्हायला चार गोष्टी जुळाव्या लागतात: तेल बनवणारा मूळ खडक, ते साठवणारा सच्छिद्र खडक, त्याच्यावर झाकण घालणारा घट्ट खडक आणि खडकांची अशी घडी की तिच्या माथ्याशी तेल अडकून बसेल. शिवाय ती घडी तेल निघण्याआधी तयार झालेली हवी. मागाहून झाली तर उपयोग नाही.

या गोष्टी जुळल्याचे सर्वांत मोठे भारतीय उदाहरण मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात आहे. १९५६ साली तेल आणि नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला आणि सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने शोध सुरू झाला. साठच्या दशकात सोव्हिएत जहाजाने केलेल्या भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात समुद्रतळाखाली खडकांचा एक प्रचंड उंचवटा दिसला. तो दिसला तेव्हा तिथे तेल आहे हे कोणालाच माहीत नव्हते. माहीत होता तो फक्त आकार. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या यंत्रणेने तिथे विहीर खणली आणि चुनखडीत तेल लागले. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, उत्पादन सुरू झाले. त्या चुनखडीतले तेल तिथले नाही. शेजारच्या खोल भागातल्या शेलमध्ये ते शिजले आणि सरकत सरकत उंचवट्यावर येऊन थांबले. आणि या सगळ्या थरांच्या तळाशी काही ठिकाणी लागतो तो सह्याद्रीतला ओळखीचा बेसॉल्टच.

विहीर खणताना भूशास्त्रज्ञ नेमके काय करतो, हेही शिकावे लागते. ड्रिलच्या टोकाशी चिरडलेल्या खडकाच्या बारीक कपच्या चिखलासारख्या द्रवाबरोबर वर येतात. त्या वर पोहोचेपर्यंत टोक आणखी खाली गेलेले असते, त्यामुळे हातातली कपची नेमकी किती खोलीवरची, याचा हिशेब ठेवावा लागतो. कपच्या धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात, अतिनील दिव्याखाली धरतात. तेल असेल तर त्या चमकतात. फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची वाळूच्या कणाएवढी कवचे त्यात सापडली की खडकाचे वय कळते. त्यानंतर विहिरीत उपकरणे सोडून वेगवेगळी मोजमापे घेतात. विजेला होणारा विरोध मोजण्याची पद्धत पहिल्यांदा १९२७ साली फ्रान्समध्ये वापरली गेली. खारे पाणी वीज वाहू देते, तेल देत नाही, एवढ्या साध्या फरकावर ती उभी आहे. त्यावरून फटींमध्ये पाणी किती आणि तेल किती हे काढायचे सूत्र आर्ची यांनी १९४२ साली मांडले. आजही परीक्षेत त्यावर गणित येतेच.

मात्र या अभ्यासाचा गाभा आहे तो अंदाज आकड्यात सांगण्याचा. समजा, एखाद्या जागी मूळ खडक असण्याची शक्यता ०.८ आहे, साठवणारा खडक असण्याची ०.७, झाकण शाबूत असण्याची ०.६ आणि घडी वेळेत झालेली असण्याची ०.५. सुटे पाहिले तर एकही आकडा निराश करणारा नाही. पण चारही गोष्टी एकाच वेळी हव्यात, म्हणून गुणाकार करायचा. उत्तर येते ०.१६८, म्हणजे अशा सहा विहिरी खणल्या तर एखादीत तेल. समुद्रातली एकेक विहीर कोट्यवधी रुपये खाते. ‘तेल आहे’ किंवा ‘नाही’ असे छातीठोक सांगणारा भूशास्त्रज्ञ कंपनीला बुडवतो. सहात एक अशी शक्यता सांगून ती का, हे समजावणारा उपयोगी पडतो. पाठ्यपुस्तकात एकच बरोबर उत्तर शोधायची सवय लागलेल्या मुलांना हे पचवायला वेळ लागतो.

पेट्रोलियम इंजिनीअरिंग आणि पेट्रोलियम जिऑलॉजी यांची गल्लत बरीच होते. तेल कुठे आणि किती, हे भूशास्त्रज्ञाचे काम. ते बाहेर कसे काढायचे, हे इंजिनीअरचे. भूशास्त्राच्या वाटेने जायचे तर बीएस्सीला हा विषय असलेला बरा. मुंबई, खरगपूर, रुरकी, धनबाद इथल्या आयआयटींत एमएस्सीला ‘जॅम’ परीक्षेतून प्रवेश मिळतो. त्यानंतर ‘गेट’च्या जिऑलॉजी अँड जिओफिजिक्स या पेपरवर एमटेक करता येते. मुंबईच्या आयआयटीत पेट्रोलियम जिओसायन्स आणि धनबादला पेट्रोलियम एक्स्प्लोरेशन असे खास अभ्यासक्रम आहेत. आसामात दिब्रुगड विद्यापीठातही हा विषय शिकवला जातो, आणि तिथून दिग्बोई दूर नाही. देशातला तेलाचा धंदा तिथेच १८८९ च्या सुमारास सुरू झाला. सरकारी तेल कंपन्यांनी अनेक वर्षे गेटच्या गुणांवर भूशास्त्रज्ञ घेतले आहेत, त्यामुळे ही परीक्षा दोन दारांची किल्ली ठरते.

नोकरीचे चित्र मात्र कोणी गोड करून सांगू नये. २०१४ च्या जूनमध्ये तेलाचा भाव पिंपाला १०० डॉलरच्या वर होता. त्या वर्षी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसलेले विद्यार्थी २०१६ मध्ये बाहेर पडेपर्यंत तो ३० च्या खाली जाऊन आला होता आणि जगभरच्या कंपन्या माणसे कमी करत होत्या. एप्रिल २०२० मध्ये तर अमेरिकी तेलाच्या वायद्याचा भाव काही काळ शून्याखाली गेला. प्रवेश घेताना दिसणारी तेजी पदवी हाती येईपर्यंत टिकेलच असे नाही, आणि मंदीचेही तसेच आहे.

त्याहून मोठा प्रश्न आईवडील विचारतात: जग तेल सोडायला निघाले असताना हे शिकून काय करायचे? भारतापुरते उत्तर असे की देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते आणि गाळाच्या २६ खोऱ्यांपैकी बरीच अजून नीट तपासलेली नाहीत. काही वर्षे तरी काम आहे. पण बावीस वर्षांच्या मुलीला चाळीस वर्षांची नोकरी करायची असते, आणि तेवढ्या लांबचे उत्तर तेलात नाही.

ते दिसते नॉर्वेत. तिथल्या स्लाइप्नर वायुक्षेत्रात १९९६ पासून नैसर्गिक वायूतून वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडला जातो. बराच काळ वर्षाला १० लाख टनांच्या आसपास वायू तिथे गेला. त्यासाठी विचारलेले प्रश्न जुनेच आहेत: खडकात जागा किती, वरचे झाकण घट्ट आहे का, वायू सरकून कुठे जाईल. तेल शोधणारा भूशास्त्रज्ञ वापरतो तीच भूकंपलहरींची चित्रे इथे गाडलेल्या वायूवर नजर ठेवायला वापरतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात पूर्वी पेट्रोलियम जिओसायन्सची पदव्युत्तर पदवी मिळत असे. आता तिथे भू-ऊर्जेला मशीन लर्निंगची जोड दिलेला अभ्यासक्रम आहे. पाटी बदलली, तरी सच्छिद्रता आणि सापळा सुटलेले नाहीत.

आइसलँडमधल्या प्रयोगाने तर बेसॉल्टलाही या चर्चेत आणले. तिथे २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बेसॉल्टमध्ये सोडला गेला. त्यातल्या ९५ टक्क्यांहून अधिक वायूचे दोन वर्षांच्या आत घन खनिज झाले, असे २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर झाले. ज्या खडकात तेल नाही म्हणून महाराष्ट्रातला विद्यार्थी कच्छला जातो, तोच खडक कार्बन गाडायला उपयोगी पडू शकतो. दख्खनमध्ये लाव्हाच्या थराचा वरचा भाग बहुधा बुडबुड्यांमुळे जाळीदार झालेला असतो आणि मधला भाग घट्ट. साठवण आणि झाकण, दोन्ही एकाच खडकात.

इथे घाई करून चालणार नाही. आइसलँडच्या पद्धतीला एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते. मराठवाड्यात ते कोण देणार? दुसरे असे की दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत अनेक ठिकाणी झिओलाइट आणि गारगोटीचे स्फटिक भरले आहेत. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात ते पाहायला लोक दुरून येतात. संग्राहकाला ते रत्नासारखे वाटतात, पण भूशास्त्रज्ञाच्या लेखी ती बुजलेली जागा असते. कोणत्या थरात किती बुजली आहे आणि किती शिल्लक आहे, हे विहिरी खणून, खडकाचे नमुने काढून मोजावेच लागते.